काळूरामांच्या दाराचा आकडा

काळूराम भोईरांना खाडीकाठच्या स्मशानात पोचवून मंडळी खारबावला परतली, तेव्हा काळूरामांच्याच घराचे दार बंद होते. बंद म्हणजे नुसते लोटलेले नव्हे. सागवानी फळीवर, मुठीच्या वर, एक ते नऊ, त्याखाली शून्य आणि शून्याशेजारी एक हिरवे बटण असलेले बॅटरीवरचे कुलूप होते, आणि ते लागलेले होते. ओल्या कपड्यांतली सारी माणसे अंगणात उभी राहिली. वैशाखाचे ऊन कलले होते. खाडीवरून येणारा वारा कपडे वाळवत होता आणि वाळलेल्या कपड्यांत मीठ ठेवून जात होता.

घरात जाणे भाग होते. जिथे जीव गेला तिथे दिवा लावलेला असतो; स्मशानातून परतलेल्याने त्याला नमस्कार करावा आणि मग 'येतो' न म्हणता आपल्या घरी जावे, ही रीत. दिव्याचे दर्शन झाल्याशिवाय अंगणातून पाय काढणारा माणूस साऱ्या तालुक्यात सापडला नसता. आणि तो दिवा दहा दिवस विझू द्यायचा नसतो. विझला, तर गेलेल्याची वाट अंधारते.

"आत कोण आहे?" काळूरामांच्या थोरल्या मुलाने, केसरीनाथने, दारावर थाप मारत विचारले. भिवंडीत त्याचे ट्रान्सपोर्टचे ऑफिस होते आणि प्रत्येक प्रश्न तो अडलेल्या ट्रकला विचारावा तसा विचारी.

"कोन न्हाय," काळूरामांची बहीण बायजाबाई म्हणाली.

"मग दिव्यापाशी कोण बसलंय?"

"मीच बसलंय."

"आत्ये, तू तर इथे उभी आहेस."

"आता उभी हाय. मंगाशी बसलेली."

हळूहळू सारे उलगडले. पहाटेपासून दार उघडे राहावे म्हणून त्याला एक वीट लावली होती. ती वीट अग्नीचे मडके टेकवायला कोणीतरी उचलून नेली. तिरडी गेल्यावर बायजाबाई दिव्यापाशी बसली. आतल्या खोलीत मांजर शिरू नये म्हणून तिने आधी मागच्या दाराला आतून कडी घातली. मग तोंडात मशेरी भरली होती, ती थुंकायला ती पुढच्या दारातून पायरीवर आली, आणि दाराच्या माथ्यावरच्या पोलादी हाताने दार अदबीने, किंचितही आवाज न करता, तिच्या पाठीमागे लावून घेतले.

"मना काय ठावं दाराला इतकी घाई हाय," ती म्हणाली.

आता सगळ्यांच्या नजरा धाकट्याकडे वळल्या. कुणालला त्या आधीच जाणवल्या होत्या. कुलूप त्याने आणले होते.

कुणाल भिवंडीच्या एका कॉलेजात मराठी शिकवी आणि तिथेच एका फ्लॅटमध्ये एकटा राही. वडिलांनी नवे घर बांधले तेव्हा वास्तुशांतीला इतरांनी घड्याळे आणि पितळी समया दिल्या. याने मुंबईहून हे कुलूप आणले. भाताच्या शेतांवर गोदामे उगवत होती, त्यांच्या दारांवर अशी कुलपे दिसू लागली होती, आणि काळूराम ती कुतूहलाने पाहत उभे राहत. आकडा कुणालनेच बसवून दिला, स्वतःची जन्मतारीख. "मी विसरणार न्हाय," वडील म्हणाले होते. मग दिवाळीत शेवटचे शेतही गोदामवाल्याला द्यायचे ठरले, आणि कुणाल वडिलांना म्हणाला, "हा उंबरठा मी पुन्हा ओलांडणार नाही." शब्द चांगले जमले होते. शिकलेल्या माणसाचे हेच दुर्दैव, की त्याला रागातही वाक्य नीट जुळवता येते. आज पहाटे त्याने तो उंबरठा ओलांडला तेव्हा दाराला वीट लावलेली होती, आणि आक्रोश करणाऱ्या घरात कोणाचा पाय कुठे पडतो ते कोणी पाहत नव्हते.

तो पुढे झाला. तारीख, महिना, हिरवे बटण. बोटाला सारे आठवत होते. कुलपाने क्षणभर विचार केल्यासारखे केले आणि 'टुक' करून लाल दिवा लावला.

कुणालच्या कानांत तो इवलासा 'टुक' बराच वेळ वाजत राहिला. मृत्यू माणसाला नेतो, एवढेच त्याने धरून ठेवले होते. माणूस जाण्याआधी दुसऱ्याला घरातून पुसून टाकून जातो, हे त्याला आजवर कोणी सांगितले नव्हते. वडिलांनी आकडा बदलला होता.

"बाजूला हो," केसरीनाथ म्हणाला. "बाबांनी माझा ठेवला असणार. घर चालवलं कोणी?" आणि त्याने न पाहता, उलट्या हाताने हिशेब करावा तशी चार बटणे ठोकली. लाल दिवा.

"दादा, तुम्ही एकाच्या जागी सात दाबला," धाकट्या बहिणीचा नवरा महादू म्हणाला. वज्रेश्वरीला देवळाच्या वाटेवर त्याचे मोबाइल रिचार्जचे दुकान होते आणि बटण असलेल्या कोणत्याही वस्तूबद्दल तो हळवा होता.

"महादू, मी पंचवीस वर्षं बटणं मारतोय."

"क्यालक्युलेटरची. क्यालक्युलेटरवर सात वरच्या ओळीत असतोय. फोनवर नि या कुलपावर एक वरती. तुमचा हात गोडाऊनच्या हिशेबात गेला."

केसरीनाथने डोळे बारीक करून, एकेक बटण नाव घेऊन दाबले. या वेळी आकडा बरोबर होता. दिवा लालच लागला, आणि तीन चुका झाल्याबरोबर कुलपातून भोंगा उठला. तो इतका मोठा होता की वडाच्या झाडावरचे बगळे उडाले. ओसरीतल्या बायकांना वाटले, नवीन कोणीतरी पाहुणे आले; त्यांनी पदर तोंडाला लावून नव्याने गळा काढला. भोंगा थांबेपर्यंत कोणालाच थांबता येईना.

थोरल्याचाही आकडा नव्हता. कुणालच्या मनात एक बारीक, ओशाळे समाधान येऊन गेले आणि त्याला स्वतःची किळस आली.

"आये," केसरीनाथने आईला विचारले, "तुला आकडा ठाऊक असेल."

गोदूबाई तुळशीपाशी बसली होती. तिच्या कपाळावर सकाळी पुसलेल्या कुंकवाचा ओरखडा उरला होता. "मना काय इचारतंस? मी मागल्या दारानं जातंय, मागल्या दारानं येतंय. पुढचा दार तुमच्या बाबाचा." मग तिने बायजाबाईकडे मान वळवली. "वन्सं, दिव्यान त्याल किती घातलाय?"

"पळीभर."

"पळीभर म्हंजे किती?"

"पळी ल्हान होती," बायजाबाई म्हणाली, आणि दुसरीकडे पाहू लागली.

त्या क्षणी अंगणातल्या प्रत्येकाला काय पणाला लागले आहे ते कळले. खिडक्यांना काळ्या काचा होत्या आणि काचांच्या आत लोखंडी जाळ्या. एका पोराला उचलून काचेला डोळा लावायला लावले, तेव्हा त्याने सांगितले की काहीतरी पिवळे हलते आहे, पण ते दिवा आहे की त्याचेच प्रतिबिंब ते सांगता येत नाही.

"मी बोलतंय, खिडकीतनंच नमस्कार करू नि निघू," मागून एक आवाज आला. "वसईची गाडी गेली तं मना इथंच दहावा घालावा लागंल."

"माजी सेकंड शिफ्ट हाय. शेठ बोलेल, लूम बंद क्यूं है. काय सांगू त्याला, कुलूप लागलाय?"

"खिडकीतनं बघाया काय सिनेमा हाय?" बायजाबाई कडाडली. मशेरीचा अपराध तिच्या डोक्यावर होता, त्यामुळे रीतीच्या बाबतीत ती आज कोणाला सूट देणार नव्हती.

भोंग्याने गोठवलेले कुलूप थोड्या वेळाने पुन्हा जागे झाले, तसा महादू पुढे सरसावला. मधल्या वेळात त्याने विचार केला होता. सासूचा जन्म केव्हाचा, हे विचारून झाले होते. "खाडीचा बांध फुटला तवाचा," एवढेच उत्तर होते, आणि ते बटणांत मावणारे नव्हते. खुद्द काळूरामांची तारीख शाळेच्या मास्तरांनी साऱ्या वर्गाला सारखीच वाटली होती, एक जून. ती दाबून पाहिली. लाल. जुन्या ट्रकचा नंबर दाबून पाहिला. लाल.

"आता माजा ऐका," महादू म्हणाला. "एसेमेस कसा टाइप करतो? एकेका बटनावर तीन तीन अक्षरं. मामांनी आकडा म्हनून न्हाय, नाव म्हनून ठेवला असंल. नाव कुनाचा?" त्याने आवाज खाली आणला. "सासूबाईंचा. गोदू. चार अक्षरं इंग्रजीत. बरोब्बर बसतंय."

बातमी अंगणभर पसरली. म्हाताऱ्या बायका गोदूबाईकडे पाहू लागल्या. गोदूबाईने मान वर केली. साऱ्या संसारात नवऱ्याने तिला नावाने हाक मारल्याचे कोणाला आठवत नव्हते. तो "ए" म्हणायचा, आणि ती यायची. आता ती पदराचे टोक मुठीत धरून त्या कुलपाकडे असे पाहत होती, की कुणालला वाटले, हे पाहण्याचा आपल्याला अधिकार नाही. महादूने मोबाइलवर अक्षरे पडताळली, एकेक बटण भक्तिभावाने दाबले, आणि शेवटी हिरवे.

लाल. आणि भोंगा.

बायका पुन्हा रडू लागल्या, पण आता त्यांच्या सुरात त्राण नव्हते. "पुरे की गं आता," कोणीतरी भोंग्यालाच म्हणाले. गोदूबाईने पदर डोळ्यांवर ओढला. "मना ठावंच होता," ती म्हणाली.

त्या दुपारी एका निर्जीव पट्टीने भोईरांच्या घरातल्या प्रत्येकाला, वयाच्या किंवा नात्याच्या मानाने जराही भेद न करता, तुम्ही तो नव्हे म्हणून सांगितले. माणसाच्या मृत्यूनंतर मृत्युपत्र वाचतात असे कुणालने ऐकले होते. इथे ते बोटांनी वाचले जात होते, आणि त्यात कोणाचेच नाव निघत नव्हते.

मग कंपनीला फोन करायचे ठरले. कुणालचा मोबाइल त्याच्याबरोबर खाडीत बुडी मारून मुका झाला होता, म्हणून महादूचा घेतला. त्याच्या बटणांवरचे आकडे दुकानदारीत झिजून पार नाहीसे झाले होते. कोणते बटण कुठले, हे फक्त महादूच्या अंगठ्याला माहीत होते. फोन लागला. एका बाईने अतिशय गोड आवाजात स्वागत केले आणि हिंदीसाठी दोन दाबायला सांगितले. दोन दाबले. नवीन कुलूप घ्यायचे असेल तर एक, कुलूप उघडत नसेल तर तीन. तीन दाबले.

"काय बोलतेय?" केसरीनाथने विचारले.

"बोलतेय, कुलपाचा नंबर दाबा. कुलपाच्या मागे लिवलाय."

"मागे म्हणजे?"

"दाराच्या आतल्या अंगाला."

"म्हणजे दार उघडून बघायचं?"

"हां."

"दार उघडलं तर हिला फोन कशाला करू?"

"ते विचाराया बटन न्हाय दिलाय, दादा."

मंडळींत एक वेल्डर होता. खिडकीची जाळी कापतो म्हणाला, सायकलवरून जाऊन सामानही घेऊन आला. पण सामान आले आणि लोडशेडिंगची वेळ झाली. सारे खारबाव एका उसाशासारखे विझले. दार फोडायचे केसरीनाथच्या मनात आले, कुऱ्हाडही आली, आणि गोदूबाई उठून दारासमोर उभी राहिली. "आजच्या दिवशी या घरावर घाव घालाल," ती म्हणाली, "तं पयला माज्यावर घाला." कुऱ्हाड आणणाऱ्याने ती पाठीमागे लपवली, जणू तो शेजारच्या कोणाकडे लाकडे फोडायला निघाला होता.

करण्यासारखे काही उरले नाही. माणसे भिंतीच्या सावलीत टेकली. कुलूप केव्हाच भानावर येऊन गप्प झाले होते, पण त्याला हात लावायला कोणी धजेना. कुणाल खालच्या पायरीवर बसला. त्याला घरातला पहिला टेलिफोन आठवला: काळा, जड, बोट घालून फिरवायच्या गोल तबकडीचा. नऊ फिरवला की तबकडी करकरत, वेळ घेत, परत जागेवर येई. पुढे बटणांचा फोन आला तेव्हा वडील नाराज झाले होते. "याच्यान विचार कराया जागाच न्हाय," ते म्हणाले होते. "बोट टेकला की बोलाया लागतंय." दिवाळीत आपल्या वाक्याआधी अशी एखादी तबकडी असती, असे कुणालला वाटले. आत दिवा असेल किंवा नसेल. काळ्या काचेमागे ते एकच होते.

तेवढ्यात फाटकातून चिंधू आला.

चिंधू काळूरामांचा पत्त्यांतला जोडीदार. गुडघे गेलेले, काठी टेकत चालणारा. तो मंडळींबरोबर निघालाच नव्हता. लाकडे खाली बसेपर्यंत चितेपाशी थांबला होता, आणि मग खाडीपासून एकटा, बसत उठत, चालत आला होता. अंगणातली गर्दी पाहून त्याला काही विशेष वाटले नाही. मरणाच्या घरी गर्दी असायचीच. त्याने रांजणातले पाणी पायांवर घेतले, कोणाशी न बोलता पायऱ्या चढला, कुणालच्या खांद्याचा आधार घेतला, आणि दारापुढे उभा राहून अंगठ्याने हिरवे बटण दाबले.

फक्त हिरवे.

कुलपाने एक लहानसा, जवळजवळ आनंदी आवाज केला आणि दार उघडले. चिंधू आत गेला.

मग गोदूबाई धावली. वात एका बाजूला कलंडून निळसर थेंबाएवढी उरली होती. तिने तेलाची बुधली सरळ दिव्यात उपडी केली. ज्योत बुडाली, घुटमळली, आणि पुन्हा वर आली. बायजाबाई भिंतीला टेकून खाली बसली आणि त्या दिवसात पहिल्यांदा मनापासून रडली. मग रांग लागली. माणसे आत येत, दिव्याला हात जोडत आणि खाली मान घालून निघून जात. 'येतो' कोणी म्हणाले नाही. वसईच्या गाडीचा माणूस तर जवळजवळ पळतच गेला.

"चिंधूकाका," केसरीनाथने शेवटी विचारले, "आकडा कोणता दाबलात?"

"आकडा कनचा? शिमग्यापासून आकडाच न्हाय त्याला. नुसता हिरवा दाबायचा." चिंधूने नवलाने सगळ्यांकडे पाहिले. "तुमी काय दाबत होतात?"

कुणालला कळले: त्यांनी दर वेळी हिरव्याच्या आधी कोणा ना कोणाचा आकडा दाबला होता, आणि कुलूप तेवढ्यालाच नाकारत होते.

"आकडा का काढला बाबांनी?" त्याने विचारले. आवाज शक्य तेवढा साधा ठेवला.

चिंधू दिव्यासमोर मांडी घालायला गेला, गुडघ्यांनी नकार दिला, म्हणून पाय पसरून बसला. "तुज्यापायी," तो म्हणाला. "आकडा तुजा होता ना? मी रोज दुपारी पत्ते खेळाया येयाचो. आकडा दाबायचो. पीं, पीं, पीं, पीं. का आतनं हा वरडायचा, 'कुनाल आयला काय?' मी गप. म्हनलं, कुलूप उघडंल नि बघंल. हा पलंगावरनं उठून दारापर्यंत यायाचा. दारान मी!" तो खोकला. "रोज. मी बोललो, काळूराम, मी काय तुज्याकडं अपमान कराया येतंय? मंग त्यानं भिवंडीवरनं मिस्त्री बोलावला नि आकडाच काडाया लावला. बोलला, आता तरी कान फसाचे न्हाय."

"मग?"

"मंग काय. हिरव्याचा आवाज येतोच ना. तरी उठून यायाचाच."

दिव्याची ज्योत आता स्थिर झाली होती. केसरीनाथ भिंतीकडे पाहत होता. महादूने हातातला मोबाइल उगाच खिशात घातला. चिंधूने मान वळवून कुणालच्या तोंडाकडे पाहिले. बराच वेळ पाहिले. मग त्याने काठी उचलून त्या तोंडाकडे रोखली आणि गोदूबाईला, एखादी हरवलेली वस्तू सापडावी तशा समाधानाने, म्हणाला,

"वयनी, बगा. हां, असाच. अगदी असाच तोंड करायचा मना बघून."